चौदा सामन्यांची आघाडी विरते तेव्हा

१९ जुलै १९७८ रोजी अमेरिकेतील बेसबॉलच्या अमेरिकन लीगमधील पूर्व विभागाचा गुणतक्ता पाहून बोस्टन रेड सॉक्सच्या चाहत्याने निर्धास्त झोपी जावे, अशीच परिस्थिती होती. बोस्टनने ९० सामन्यांपैकी ६२ जिंकले होते आणि २८ गमावले होते. त्यांचा जुना प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यांकीज ४८ विजय आणि ४२ पराभव घेऊन चौथ्या स्थानावर, चौदा सामने मागे पडला होता. आपल्याकडे आयपीएलच्या साखळी फेरीत एक संघ एकूण चौदा सामने खेळतो, हे लक्षात घेतले तर ही आघाडी केवढी होती याची कल्पना येईल. अडीच महिन्यांनी, २ ऑक्टोबर रोजी, बोस्टनचा हंगाम संपला आणि विभागाचे विजेतेपद यांकीजकडे गेले. बोस्टनमधील लोक अजूनही त्या उन्हाळ्याविषयी बोलतात. ती चिडचिड नेमकी कशाची होती आणि बेसबॉलमध्ये ती इतकी खोल का जाते, हे समजण्यासाठी आधी या खेळातील आघाडीचे गणित समजून घ्यावे लागते.

अमेरिकेतील मेजर लीगचा (अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग मिळून होणाऱ्या सर्वोच्च स्पर्धेचा) प्रत्येक संघ एप्रिलच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरअखेरीस संपणाऱ्या हंगामात १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज सामना असतो. विजयासाठी गुण दिले जात नाहीत. केवळ विजय आणि पराभव मोजले जातात. पुढचा संघ मागच्यापेक्षा किती सामन्यांनी पुढे आहे हे काढण्याची रीत सोपी आहे. दोघांच्या विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिला दोनने भागायचे. बोस्टनचे विजय यांकीजपेक्षा १४ ने जास्त आणि पराभव १४ ने कमी होते. बेरीज २८, निम्मे केले की १४. एक संघ खेळला आणि दुसऱ्याला विश्रांती असली, तर हा आकडा अर्ध्या सामन्याने हलतो, म्हणून तक्त्यात साडेतीन, साडेदहा असे आकडे दिसतात. एका दिवसात ही दरी जास्तीत जास्त एका सामन्याने कमी होऊ शकते, तीही पुढचा हरला आणि मागचा जिंकला तरच. (एकाच दिवशी दोन सामने असतील तर गोष्ट वेगळी.) चौदा सामने भरून काढण्यासाठी अशा चौदा रात्री लागतात, आणि मधल्या ज्या रात्री दोघेही जिंकतात किंवा दोघेही हरतात त्या वाया जातात. चाहत्याला वाटणारी सुरक्षितता या हिशेबातून येते आणि हिशेब चुकीचा नसतो.

चूक होते ती एका गृहीतात. पहिल्या नव्वद सामन्यांत संघ जसा खेळला तसाच तो उरलेल्या बहात्तर सामन्यांतही खेळेल, असे मन धरून चालते. बोस्टनने त्या वेगाने पूर्ण हंगाम काढला असता तर त्यांचे सुमारे १११ विजय झाले असते. तोवरच्या इतिहासात इतके विजय केवळ दोन संघांना मिळाले होते, १९०६ च्या शिकागो कब्ज आणि १९५४ च्या क्लीव्हलँड इंडियन्स यांना. बोस्टनचा संघ उत्तम होता, पण जुलैपर्यंतचा आकडा त्याच्या खऱ्या ताकदीहून थोडा फुगलेला होता, कारण कौशल्याबरोबर थोडे नशीब आणि बऱ्यापैकी निरोगी शरीरे यांचाही त्यात वाटा होता. संख्याशास्त्रात या नेहमीच्या घटनेला सरासरीकडे परतणे म्हणतात: असामान्य चांगल्या काळानंतर येणारा काळ बहुधा कमी चांगला असतो. यांकीजचे उलट होते. ते आदल्या वर्षीचे विश्वविजेते होते, पण हंगामाच्या पूर्वार्धात त्यांचे अनेक महत्त्वाचे खेळाडू जायबंदी होते. ते परतल्यावर तो संघ वर येणार, हे कोणालाही सांगता आले असते. इतका वर येईल, हे मात्र नाही.

१९ जुलैनंतर बोस्टनने ३७ सामने जिंकले आणि ३६ गमावले. म्हणजे संघ साफ कोसळला असे म्हणता येत नाही. तो सामान्य झाला. यांकीजने मात्र त्याच काळात ५२ जिंकले आणि २१ गमावले. आघाडी गमावण्याच्या बहुतेक कथांमध्ये अशा दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात, आणि चाहता त्यांपैकी स्वतःच्या संघाचीच गोष्ट पाहतो, कारण रोज संध्याकाळी त्याच्यासमोर तीच घडत असते.

यांकीजच्या गोटात त्या उन्हाळ्यात शांतता मुळीच नव्हती. मॅनेजर बिली मार्टिन (बेसबॉलमध्ये संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात) आणि तारांकित खेळाडू रेगी जॅक्सन यांचे उघड भांडण झाले, २४ जुलै रोजी मार्टिनने राजीनामा दिला आणि शांत स्वभावाचा बॉब लेमन त्याच्या जागी आला. १० ऑगस्टपासून न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्रांमध्ये संप सुरू झाला, त्यामुळे भांडणे छापणारेच उरले नाहीत, आणि यामुळे संघाला फायदा झाला असे मानणारेही आहेत. बोस्टनमध्ये मात्र शरीरे थकू लागली होती. तिसऱ्या बेसवर (धाव पूर्ण करण्यासाठी क्रमाने गाठायच्या टप्प्यांपैकी तिसऱ्यावर) खेळणाऱ्या बुच हॉबसनच्या कोपरात हाडाचे सुटे तुकडे होते आणि त्या हंगामात त्याच्या नावावर क्षेत्ररक्षणातील ४३ चुका जमा झाल्या. ड्वाइट एव्हान्सच्या डोक्याला ऑगस्टअखेरीस चेंडू लागला आणि त्यानंतर त्याला चक्कर येत असे. मॅनेजर डॉन झिमर आपल्या नेहमीच्या खेळाडूंना विश्रांती द्यायला नाखूश होता, आणि चाहत्यांचा त्याच्यावरचा राग मुख्यतः इथूनच सुरू झाला. मला हा राग बराचसा न्याय्य वाटतो. आघाडी मोठी असते तेव्हाच खेळाडूंना विश्रांती देणे परवडते. ती आटल्यावर कोणाला बाहेर बसवण्याची हिंमत उरत नाही.

आता चाहत्याच्या बाजूने पाहू. १६२ सामन्यांच्या हंगामात अतिशय चांगला संघही साठेक सामने हरतो. त्यामुळे बेसबॉलचा चाहता लहानपणापासून एक सांत्वन शिकतो: आज हरलो, उद्या पुन्हा सामना आहे. या सांत्वनाशिवाय इतका लांब हंगाम पाहणे अशक्य होईल. पण आघाडी विरू लागते तेव्हा हेच सांत्वन घात करते. चौदाची दहा झाली तरी दहा पुष्कळ असतात. दहाची साडेसात झाली तरी संघ पहिलाच असतो. कोणता पराभव नेहमीचा आणि कोणत्या पराभवापासून खरी काळजी करायची, याची रेघ कुठेच आखलेली नसते. फुटबॉलच्या बाद सामन्यात किंवा विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत हरलेल्या संघाच्या चाहत्याला एका रात्रीत दुःख भोगून मोकळे होता येते. इथे चाहत्याला आठवडेच्या आठवडे दुःख करण्याची परवानगीही नसते, कारण अजून काहीच गमावलेले नसते. काळजी केली तर शेजारी म्हणतो, उगाच घाबरतोस. केली नाही तर पुढे स्वतःलाच वाटत राहते की आपल्याला दिसायला हवे होते. या खेळातील चिडचिडीचे मूळ मला या अनिश्चिततेत दिसते.

बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानात या अनिश्चिततेला एक दृश्य रूप आहे. मैदानाच्या डाव्या बाजूला ‘ग्रीन मॉन्स्टर’ नावाची ३७ फूट उंच हिरवी भिंत आहे आणि तिच्या पायथ्याशी हाताने चालवायचा धावफलक आहे. लीगमधील इतर सामन्यांचे आकडेही त्यावर लागतात. भिंतीच्या आत बसलेला माणूस पाट्या बदलतो. सप्टेंबर महिन्यात प्रेक्षकांची एक नजर मैदानावर आणि दुसरी त्या पाट्यांवर असते. आपला संघ जिंकत असतानाही न्यूयॉर्कच्या नावापुढची पाटी बदलली की अंगावर काटा येतो. ज्या सामन्यात आपला एकही खेळाडू नाही त्या सामन्याने आपली संध्याकाळ बिघडावी, हा अनुभव विभागीय शर्यतीतच मिळतो.

या भावनेचे एक स्पष्टीकरण मानसशास्त्रात सापडते. डॅनिएल काह्नेमन आणि अमोस ट्वर्स्की या संशोधकांनी १९७९ मध्ये, म्हणजे योगायोगाने बोस्टनच्या त्या हंगामानंतरच्या वर्षी, आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. माणूस फायदा आणि तोटा एका ठरावीक संदर्भबिंदूपासून मोजतो, आणि तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख त्याला अधिक जाणवते, असे त्याचे सार आहे. वसंतात हंगाम सुरू होताना चाहत्याचा संदर्भबिंदू शून्यावर असतो. जुलैमध्ये चौदा सामन्यांची आघाडी हाच नवा संदर्भबिंदू होतो आणि विजेतेपद मनाने आधीच स्वीकारलेले असते. त्यानंतर विजयाने विशेष काही मिळत नाही, कारण ते अपेक्षितच असते. पराभवाने मात्र दर वेळी स्वतःच्या मालकीचे काहीतरी हिरावले जाते. एप्रिलमध्ये कोणी सांगितले असते की आपला संघ ९९ सामने जिंकेल, तर हाच चाहता आनंदला असता. ऑक्टोबरमध्ये तेच ९९ विजय त्याला सहन होत नाहीत.

१९७८ च्या सप्टेंबरकडे परत जाऊ. ऑगस्टमध्ये बोस्टन सावरल्यासारखा वाटला होता आणि ६ सप्टेंबरच्या रात्री संघाकडे अजून चार सामन्यांची आघाडी होती. ७ ते १० सप्टेंबर या चार दिवसांत यांकीज फेनवेवर चार सामने खेळले आणि चारही जिंकले: १५-३, १३-२, ७-० आणि ७-४. एकूण ४२ धावांना ९ धावा. १७७० मध्ये ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या गोळीबाराला इतिहासात ‘बोस्टन हत्याकांड’ म्हणतात. लोकांनी तेच नाव या चार सामन्यांना दिले. चौथ्या सामन्यात झिमरने यांकीजविरुद्ध उत्तम कामगिरी असलेल्या अनुभवी बिल ली या पिचरला (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) बाजूला ठेवले आणि नवख्या बॉबी स्प्राउलला चेंडू दिला. ली आणि झिमर यांचे पटत नव्हते, हे सगळ्या शहराला ठाऊक होते. चौथ्या रात्री दोन्ही संघ बरोबरीला आले आणि पुढच्या आठवड्यात यांकीज साडेतीन सामन्यांनी पुढे गेले.

इथे ही कथा संपली असती तर चाहत्यांना कदाचित सोपे गेले असते. पण बोस्टनने हंगामातले शेवटचे आठ सामने सलग जिंकले. १ ऑक्टोबर, शेवटचा दिवस: बोस्टनने टोरांटोला ५-० ने हरवले आणि त्याच दिवशी यांकीज क्लीव्हलँडकडून ९-२ ने हरले. दोघांचेही ९९ विजय, ६३ पराभव. दुसऱ्या दिवशी फेनवेवर एकच निर्णायक सामना ठरला. सातव्या इनिंगपर्यंत (सामना नऊ इनिंगचा, म्हणजे छोट्या डावांचा असतो) बोस्टन २-० ने पुढे होता. त्या इनिंगमध्ये दोन खेळाडू बेसवर असताना फलंदाजीला आलेल्या बकी डेंटने, ज्याने तोवर संपूर्ण हंगामात फक्त चार होमरन (चेंडू कुंपणापलीकडे मारून फलंदाजाला आणि बेसवरच्या सगळ्यांना धाव मिळवून देणारे फटके) मारले होते, चेंडू डाव्या भिंतीपलीकडे टाकला. सामना अखेर ५-४ असा यांकीजने जिंकला. शेवटच्या क्षणी बोस्टनचे दोन खेळाडू बेसवर होते, त्यांपैकी एक तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण होण्याच्या अगदी जवळ. कार्ल यास्ट्रझेम्स्कीने मारलेला चेंडू हवेत उंच गेला आणि ग्रेग नेटल्सने तो झेलला. त्या दुपारी मैदानात ३२,९२५ प्रेक्षक होते.

त्या काळच्या नियमांमुळे हा पराभव अधिक जड झाला. १९६९ पासून दोन्ही लीगचे प्रत्येकी दोन विभाग होते आणि केवळ विभागविजेताच पुढे जात असे. ९९ सामने जिंकूनही बोस्टनचा हंगाम त्याच क्षणी संपला. त्यात शहराची जुनी आठवण मिसळली. १९१८ नंतर रेड सॉक्सने वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकली नव्हती, आणि १९४९ मध्ये शेवटचे दोन सामने उरले असताना एका सामन्याची आघाडी घेऊन न्यूयॉर्कला गेलेला त्यांचा संघ यांकीजकडून दोन्ही सामने हरून परतला होता. १९७८ चा चाहता आपल्या वडिलांचे दुःखही पुन्हा भोगत होता. पुढची वर्ल्ड सिरीज संघाने २००४ मध्ये जिंकली.

आघाडी अशी जाण्याची कारणे प्रत्येक वेळी तीच नसतात. फिलाडेल्फिया फिलीज संघाकडे १९६४ मध्ये बारा सामने उरले असताना साडेसहा सामन्यांची आघाडी होती. ते सलग दहा हरले. तिथे गणितापेक्षा घाबरलेल्या निर्णयांचा वाटा मोठा होता: मॅनेजर जीन मॉकने जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या आपल्या दोन सर्वोत्तम पिचरना फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा मैदानात उतरवले. पिचरचा खांदा आणि कोपर एका सामन्यात इतके ताणले जातात की त्या काळीही तीन दिवसांची विश्रांती नेहमीची मानत, आज त्याहून जास्त देतात. थकलेल्या पिचरचा वेग आणि नेम दोन्ही जातात. सेंट लुईस कार्डिनल्सने ते अजिंक्यपद केवळ एका सामन्याच्या फरकाने नेले.

न्यूयॉर्क मेट्सचे २००७ मधील उदाहरण शक्यतेचे गणित समजण्यासाठी उपयोगी आहे. १२ सप्टेंबरच्या रात्री मेट्स ८३-६२ आणि फिलीज ७६-६९ असे होते. सात सामन्यांची आघाडी, सतरा सामने बाकी. अशा वेळी अमेरिकेत ‘मॅजिक नंबर’ मोजतात. १६३ मधून पुढच्या संघाचे विजय आणि मागच्या संघाचे पराभव वजा केले की उरणारा आकडा म्हणजे विजेतेपदापासूनचे अंतर. पुढच्याचा प्रत्येक विजय आणि मागच्याचा प्रत्येक पराभव तो एकाने कमी करतो. मेट्सचा आकडा ११ होता. दोन्ही संघांचे मिळून ३४ निकाल बाकी होते आणि त्यांपैकी केवळ अकरा मनासारखे लागायला हवे होते. प्रत्यक्षात मेट्सने पाच सामने जिंकले आणि फिलीज चार हरले. एकूण नऊ. प्रत्येक निकाल नाणेफेकीसारखा निम्म्या-निम्म्या शक्यतेचा धरला, तर ३४ पैकी नऊ किंवा त्याहून कमी मनासारखे लागण्याची शक्यता सुमारे ०.४५ टक्के, म्हणजे साधारण २२० मध्ये एक येते. दोन्ही संघ त्या काळात एकमेकांविरुद्धही खेळले आणि फिलीजने ते तिन्ही सामने जिंकले, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे. तरीही त्यातून दोन गोष्टी दिसतात. एका संघाच्या चाहत्यासाठी ही घटना जवळजवळ अशक्य होती. पण दर वर्षी सहा विभागांत अशा शर्यती होत असतील तर काही दशकांत ती कुठेतरी घडणारच. हंगामाच्या शेवटच्या दिवशी मेट्सचा अनुभवी पिचर टॉम ग्लाविन पहिलीच इनिंग पूर्ण करू शकला नाही, सात धावा देऊन बाहेर गेला आणि मेट्स ८-१ ने हरले. पुढच्या वर्षी सतरा सामने उरले असताना साडेतीन सामन्यांची आघाडी पुन्हा याच संघाने गमावली, आणि पुढे जाण्याची उरलेली आशाही पुन्हा शेवटच्या दिवशी, त्याच मैदानावर संपली. मेट्सच्या चाहत्यांना ०.४५ टक्क्यांचे स्पष्टीकरण देऊन उपयोग नव्हता.

चाहते अशा वेळी दोषी शोधतात: मॅनेजर, एखादा पिचर, संघाचे मालक. झिमरला फेनवेवर पुढेही लोक हुर्यो करत राहिले. हा राग कधी बरोबर असतो, कधी अवास्तव, पण त्याचे कारण समजण्यासारखे आहे. सत्तर सामन्यांत विखुरलेल्या छोट्या पराभवांना चेहरा नसतो, आणि चेहरा नसलेल्या गोष्टीवर कोणाला रागावता येत नाही. शिवाय चाहत्याने त्या संघासाठी खरोखर काहीतरी दिलेले असते. सहा महिने रोज संध्याकाळचे तीन तास, रेडिओचा आवाज, मुलांबरोबर मैदानावर घालवलेले रविवार. हे सगळे एका विजेतेपदावर अवलंबून नव्हते, हे त्याला नंतर कळते. त्या सप्टेंबरमध्ये कळत नाही.

नियम बदलले तसा या दुःखाचा आकारही बदलला आहे. १९९५ पासून प्रत्येक लीगमधून तीन विभागविजेत्यांबरोबर ‘वाइल्ड कार्ड’ म्हणून आणखी संघ पुढे जाऊ लागले; २०२२ पासून असे तीन संघ जातात आणि बरोबरी झाली तर निर्णायक जादा सामना न खेळवता परस्परांतील सामन्यांचा हिशेब पाहतात. त्याच वर्षी मेट्स आणि अटलांटा ब्रेव्हज दोघांनीही १०१ सामने जिंकले आणि एक जूनला साडेदहा सामन्यांनी पुढे असलेल्या मेट्सला दुसरे स्थान मिळाले, कारण आपसांतील सामन्यांत ब्रेव्हज १०-९ असे वरचढ होते.

सर्वांत मोठी आघाडी गमावण्याचा विक्रम मात्र अगदी अलीकडचा आहे. ८ जुलै २०२५ रोजी डेट्रॉइट टायगर्स ५९-३४ असे होते आणि क्लीव्हलँड गार्डियन्स ४२-४८. वरची रीत लावली तर अंतर साडेपंधरा सामन्यांचे निघते. त्यानंतर डेट्रॉइटने २८ जिंकले, ४१ गमावले. क्लीव्हलँडने ४६ जिंकले आणि २६ गमावले. सप्टेंबरमध्ये दोघांत झालेल्या सहा सामन्यांपैकी पाच क्लीव्हलँडकडे गेले. त्यांपैकी २३ सप्टेंबरच्या सामन्यात डेट्रॉइटचा पिचर टारिक स्कुबल, जो त्या काळातील सर्वोत्तमांपैकी एक आहे, एकाच इनिंगमध्ये संघाची आघाडी हरवून बसला. हंगाम संपला तेव्हा क्लीव्हलँड ८८ आणि डेट्रॉइट ८७ विजयांवर होता. इतकी मोठी दरी भरून विभाग जिंकणारा दुसरा संघ इतिहासात नाही, आणि डेट्रॉइटच्या चाहत्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तीच निःशब्द घसरण रोज पाहिली जी बोस्टनने पाहिली होती.

फरक एवढाच की डेट्रॉइटला वाइल्ड कार्ड मिळाले, आणि पहिली लढत नेमकी क्लीव्हलँडशी, क्लीव्हलँडच्या मैदानावर लागली. तीन सामन्यांच्या त्या मालिकेत पहिला डेट्रॉइटने जिंकला, त्यात स्कुबलने चौदा फलंदाज स्ट्राइकआउटने, म्हणजे फटका मारू न देता बाद केले; दुसरा क्लीव्हलँडने. तिसरा सामना २ ऑक्टोबर २०२५ रोजी झाला, बकी डेंटच्या होमरनला बरोबर ४७ वर्षे झाली त्या दिवशी. डेट्रॉइटने तो ६-३ ने जिंकला आणि ज्या संघाने त्यांचा विभाग नेला होता त्याचा हंगाम तिथे संपवला.